रुपराव पात्र, रुपराव अपात्र

मनीषनगरातले आमचे शेजारी रुपराव नंदनवार कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये तीस वर्षं सहायक. मास्तरांचे बिघडलेले प्रोग्राम हाच माणूस दुरुस्त करायचा, अन् मास्तर त्याला चहा आणायला धाडायचे. एकदा तरी शिक्षक म्हणून बढती मिळावी, एवढीच त्यांची हाव. निवृत्तीला आठ महिने उरले होते.

मी चिडवायचो, "काहून गा रुपराव, मास्तर कधी होऊन राहिला?"

"सिद्धच करून देतो, मग पाहजा."

आणि गड्यानं खरंच केलं. कॉलेजची बढतीची सगळी परिपत्रकं जमवून एकेका नियमाचं समीकरण मांडलं. खरं म्हणजे एक, खोटं म्हणजे शून्य. सवाल विचारायची रीत मात्र तिरपी. 'रुपराव पात्र नाहीत' हे समीकरण नियमांत मिसळायचं. बेरजा-गुणाकार करता करता 'एक बरोबर शून्य' निघालं, की मिसळलेलं खोटं. म्हणजे रुपराव पात्र!

निघालं. त्यांच्या बायकोनं, प्रेमलताबाईंनी, गल्लीभर संत्रा बर्फी वाटली. मी दोन जास्त उचलल्या. रुपरावांनी अर्ज केला, अन् बढती समितीपुढं सुनावणीची तारीखही मिळाली.

आदल्या दिवशी लॅबमधल्या तरुण शिक्षिका हर्षाबाई म्हणाल्या, "काका, एक डाव 'पात्र आहेत' हे मिसळून पाहा ना."

मिसळलं. पुन्हा एक बरोबर शून्य. म्हणजे रुपराव अपात्र, हेही सिद्ध! मग काहीच न मिसळता नुसते नियम टाकले, तरी तेच. नियमच आपसात भांडत होते, अन् असल्या नियमांतून वाट्टेल ते सिद्ध होतं. प्राचार्य म्हैस आहेत, हेसुद्धा झालं असतं. आधी एवढं तपासायचं, ते रुपराव आशेपायी विसरले.

"मी कोणाले सांगत नाही, काका. पात्र निघालेला पहिलाच कागद द्या," हर्षाबाई म्हणाल्या.

घरी प्रेमलताबाई कडाडल्या, "दुसरा कागद कोण मांगून राहिलं? फाडा तो!"

"लॅबमधल्या पोट्ट्यायले तीस वर्षं सांगतलं, निकाल लपवू नका म्हणून. आता मीच लपवू?"

दोन्ही कागद दिले. वर चिठ्ठी जोडली, की नियम एकमेकांच्या विरुद्ध आहेत, ते आधी दुरुस्त करावेत. समितीनं दुसरा कागद तेवढा वाचला. निकालात लिहिलं, 'अर्जदाराने स्वतःच आपली अपात्रता सिद्ध केली आहे.'

संध्याकाळी मी गेलो. जिभेवर आलेली थट्टा गिळली. रुपराव निकालाची घडी घालत म्हणाले, "चूक नाही जी त्यायची. सिद्ध तर होतेच."