शहाण्णव पुस्तकांचा फलक

फेब्रुवारीतला तिसरा शनिवार. रक्कम पाचशे एक रुपये, पाकिटात. हजर: प्राचार्य, एक शिपाई, एकेचाळीस विद्यार्थी आणि मी, परंड्याच्या कॉलेजचा ग्रंथपाल.

बक्षीस 'उत्कृष्ट वाचका'चं होतं. कल्पना माझीच. ग्रंथालयाकडं माणसं वळावीत म्हणून मी सहा वर्षं फलक लावले, आठवडी बाजारात पुस्तकांचं टेबल मांडलं, आलेल्यांची संख्या रोज लिहिली. त्या वर्षी बी. ए.च्या एका मुलीच्या कार्डावर शहाण्णव पुस्तकं गेली होती. दुसऱ्या क्रमांकावर अडतीस. मी तिच्या फोटोचा फलक करून फाटकावर लावला.

"सर, माझं नाव नका टाकू," ती आधी म्हणाली होती. मला वाटलं, लाजते.

प्राचार्यांनी माईकवर विचारलं, "यातलं सगळ्यात आवडलेलं पुस्तक कोणतं?"

ती माईकपाशी आली. मग म्हणाली, "सर, मी नाही वाचली. आई वाचते."

"मग बक्षीस आईलाच द्या की!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले.

पाकीट प्राचार्यांच्या खिशात परत गेलं. कार्ड दुसऱ्याला वापरायला दिल्यास ते सत्रभर बंद, असा नियम काउंटरवर माझ्याच सहीनं लावलेला होता. सोमवारी मी तिचं कार्ड बंद केलं. परीक्षा दीड महिन्यावर होती.

पुढच्या रविवारी एसटीनं तिच्या गावी गेलो. आई ब्लाउज शिवत होती. सातवीपर्यंत शिकलेली. तिनं चहा ठेवला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली दोन पुस्तकं माझ्यापुढं ठेवली.

"बघून घ्या, सर. एक पान दुमडलेलं न्हाय. चुकी माझी हाय, पोरीची न्हाय. तिचं कार्ड सोडा. मी आता वाचणार न्हाय."

मुलगी दारात उभी होती. माझ्याकडं बघत नव्हती.

मी म्हणालो, "ताई, बाहेरच्या वाचकालाही सभासद होता येतं. अनामत पाचशे रुपये. नियमात आहे."

"मग हे आधी कुठं लिवलं होतं?"

कुठंच लिहिलं नव्हतं. सहा वर्षांत मी इतके फलक लावले, त्यात ही एक ओळ नव्हती.

"अनामत मी भरतो," मी म्हणालो.

"तुमच्या पैशाचं नको. मग पुस्तक घेताना दर वेळी तुमची आठवण येईल."

ग्रंथालय समितीपुढं मी दोन अर्ज ठेवले. एक आईच्या सभासदत्वाचा. दुसरा मुलीचं कार्ड सुरू करण्याचा. त्यात लिहिलं की या वाचकाला योग्य मार्ग न सांगण्याची चूक माझी आहे. प्राचार्य म्हणाले, "हे लेखी कशाला देताय? सर्व्हिस बुकात जाईल." मी अर्ज मागं घेतला नाही. दोन्ही अर्ज मंजूर झाले; मुलीचं कार्ड परीक्षेच्या नऊ दिवस आधी सुरू झालं. मुलगी पुस्तकं नेऊ लागली, पण वाचनकक्षात पुन्हा बसली नाही.

पाचशे एक रुपये अडतीस पुस्तकं नेलेल्या विद्यार्थ्याला दिले. या वेळी फलक लावला नाही. अनामतीचे पाचशे तिच्या आईनं एप्रिलमध्ये स्वतः येऊन ग्रंथालयात भरले, सगळ्या पन्नासच्या नोटा. पावती मी आईच्याच नावानं फाडली.