तिळाएवढी गोळी

सकीनाआपांनी किल्ल्यांचा जुडगा बाळाच्या कानाजवळ वाजवला. बाळानं मान वळवली नाही. मग त्यांनी जुडगा डोळ्यांपुढून हळूहळू उजवीकडं नेला. डोळे अर्धे उघडे होते, पण जुडग्यामागं गेले नाहीत.

"भाई, जरा आत या," आपा म्हणाल्या.

मी बाहेर ओट्यावर बाळाच्या आजीच्या, बायजाबाईंच्या डोळ्यांत थेंब घालत होतो. तसाच आत गेलो. तीन महिन्यांची काशी आपांच्या मांडीवर ओल्या फडक्यासारखी पडली होती. मागच्या खेपेला हीच पोरगी आपांकडं बघून हसली होती. आपांचं बोट मुठीत घट्ट धरून बसली होती. आज मूठ वळतच नव्हती.

"गुणाची हाय पोरगी," बायजाबाई ओट्यावरून डोळे मिटूनच बोलल्या. "रडनं न्हाय, कुरकुर न्हाय. ठेवली तिथं पडून ऱ्हाती."

ही निजामाच्या राज्यातली गोष्ट. मी तालुक्याच्या एका सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. डॉक्टरांनी लिहिलेलं औषध कालवून बाटलीत भरून द्यायचं, हे माझं काम. सकीनाआपा नर्स. हैदराबादेत शिकलेल्या. परंड्याकडच्या गावांत चौदा-पंधरा वर्षांच्या पोरी बाळंत होत. त्यांना दवाखान्यात कुणी आणत नसे. म्हणून आपाच त्यांच्या घरी जात. पोट दिसू लागल्यापासून मूल चालू लागेपर्यंत. आपा बुरखा घालून दमणीत बसत आणि मी बैल हाकत असे. डॉक्टरसाहेबांना हे पसंत नव्हतं. "सरकारी नर्स दारोदार फिरते, काय शोभा आहे?" म्हणायचे. आपा "जी साब" म्हणत आणि दुसऱ्या दिवशी दमणी जुंपायला सांगत.

काशीची आई गोदा पंधरा वर्षांची होती. नवरा महादू दिवसभर रानात. घर सासूच्या, म्हणजे बायजाबाईंच्या हातात. गोदा गरोदर असताना आम्ही जायचो, तेव्हा आपांच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर सासूच द्यायची.

"पाय सुजतात का गं?"

"कशाचं सुजत्यात? धडधाकट हाय."

"पोटभर जेवतेस?"

"दोन भाकरी खाती की, बैलावानी."

गोदा जमिनीकडं बघत बसायची. आपांना तिच्याशी एकटीशी बोलायचं होतं. त्यावर युक्ती मी काढली.

बायजाबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं भिंग पांढरं, गढूळ होणं. तो ऑपरेशननं काढावा लागतो, थेंबांनी जात नाही. हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी मी बोरिकचं पाणी घेऊन गेलो आणि म्हणालो, "मावशी, ओट्यावर बसा. थेंब घातले की डोळे मिटून गप्प बसायचं. मधेच उठलात तर औषध वाया जातं."

मावशी बसल्या. आत गोदाला वाचा फुटली. पाय सुजत होते. भाकरी उरली तरच मिळत होती. आपांनी महादूला गाठून खाण्याचं बघितलं. काशी सुखरूप जन्मली. मग आपा गोदाला सांगू लागल्या, "लेकराशी बोलत जा. तोंडाजवळ तोंड नेऊन बोल."

"काय बोलू? माझ्याशी तरी कोन बोलतंय?"

"ही बोलेल की. तू सुरू तर कर जी."

युक्ती लागू पडली म्हणून मी खुशीत होतो. दर खेपेला म्हातारीला म्हणायचो, "डोळे सुधारतायत, मावशी." त्याही म्हणायच्या, "व्हय रं, आता उजाडल्यावानी वाटतंय." गल्लीभर त्यांनी मला डोळ्याचा डागदर करून टाकलं. निघताना ओंजळभर शेंगा द्यायच्या. मी त्या खातही होतो.

आता त्या दिवसाकडं येतो. आपांनी काशीची पापणी वर करून बघितली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. त्यांनी गोदाला विचारलं, "अफू देता हिला?"

गोदानं दाराबाहेर सासूकडं बघितलं. खुरपणी सुरू होती. गोदा रानात जायची आणि तान्ही घरी म्हातारीपाशी असायची. लेकरू झोपावं म्हणून चिमूटभर अफू द्यायची चाल तेव्हा घरोघरी होती. बाजारात तिचं सरकारमान्य दुकान होतं.

"देती की," बायजाबाई डोळे पुसत आत आल्या. "त्यात काय चोरी हाय? माझी चार लेकरं त्याच्यावरच वाढली. तिळाएवढी देती, तिळाएवढी."

"दाखवा बरं, मावशी."

त्यांनी कोनाड्यातून डबी काढली. बोटांनी एक गोळी वळली. तळहात माझ्यापुढं धरला.

"हा बघ तीळ."

तळहातावर ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याएवढी गोळी होती.

आपा माझ्याकडं बघत राहिल्या. म्हातारीचे डोळे जात होते, तशी गोळी वाढत होती. आणि दर खेपेला मी येऊन सांगत होतो, की तुम्हाला आता चांगलं दिसतंय.

मी म्हणालो, "मावशी, हा तीळ नाही. तुम्हाला दिसत नाही. मी घालतो ते थेंब म्हणजे नुसतं पाणी. तुम्हाला ओट्यावर बसवायला मी खोटं बोललो."

म्हातारीनं हातातली गोळी माझ्या तोंडावर फेकली.

"मुडद्या! शेंगा खाल्ल्यास माझ्या! ऊठ, नीघ घरातनं! आन् ह्या बुरखेवालीलाबी घेऊन जा!"

त्या डबीकडं वळल्या. गोदा आधी पोचली. तिनं डबी उचलली आणि चुलीत टाकली. सासूनं हात उगारला. गोदा हलली नाही.

"हाना, आत्याबाई. पायजे तेवढं हाना. पर हिच्या तोंडात आता अफू जायची न्हाय."

त्या घरात तिचा आवाज एवढा मोठा मी पहिल्यांदाच ऐकला.

आपांनी तिथल्या तिथं ठरवलं. काशीला घेऊन गोदा आमच्याबरोबर दवाखान्यात आली. अफूची सवय लागलेलं मूल अफू तुटली की फार रडतं, अंग ताठ करतं, दूध ओढत नाही. त्याला डोळ्यांपुढं ठेवावं लागतं. डॉक्टरसाहेबांनी मला खोलीत बोलावलं.

"अफू सरकार विकतं. तू कोण नको म्हणणारा?"

"साहेब, मूल मेलं असतं."

"सासू तक्रार घेऊन आली होती. तू थेंबांच्या नावाखाली पाणी घातलंस, हे खरं?"

"खरं आहे. त्याची काय असेल ती सजा द्या."

"देणारच. आणि आजपासून लोकांच्या घरी जाणं बंद. तुझंही, नर्सचंही."

"सजा माझ्या खोटेपणाची द्या. घरी जाण्याची का?"

"ज़बान संभालो. तुम कंपाउंडर हो."

मी माफी मागितली नाही. काशीला उतार पडला, गोदा घरी गेली. पुढच्या बाजारच्या दिवशी मी रजा टाकली, शेजाऱ्याची दमणी मागून आणली आणि आपांच्या दारात उभी केली. आपा बुरखा सावरत म्हणाल्या, "साब को क्या बोलना?" मी म्हणालो, "बोलायचंच नाही." आम्ही गेलो. पुढंही जात राहिलो, माझी तेरणेकाठच्या गावी बदली होईपर्यंत.

बायजाबाईंनी मला ओट्यावर पाय ठेवू दिला नाही. मी बाहेर बैलांपाशी उभा राहायचो. एकदा गोदानं दारातूनच सांगितलं, की सासूनं एका हातावर तीळ आणि एका हातावर ज्वारी मागून घेतली होती. कितीतरी वेळ दोन्ही हात डोळ्यांशी नेऊन बघत होती. मग महादूला म्हणाली, बैलं जुंप. तो तिला इंग्रजांच्या मुलखात, बार्शीला, ऑपरेशनला घेऊन गेला. मी बरोबर येतो म्हटलं होतं, तर म्हातारी नको म्हणाली.

त्या परत आल्यावर मी समोर गेलो. त्यांनी मला खालीवर न्याहाळलं.

"असं तोंड हाय व्हय तुझं? लबाडाचंच हाय."

आत आपांनी जुडगा वाजवला. काशीनं मान वळवली, जुडगा धरला आणि थेट तोंडात घातला. "अगं, किल्ल्या खाती का काय!" असं ओरडत म्हातारी माझ्याआधी आत धावली.

दवाखान्याबाहेर पाऊल टाकल्याचं मला आजही वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते त्या थेंबांचं. तेव्हापासून तान्हं मूल बघायला कुठंही गेलो, तर मुलाला हात लावण्याआधी त्याला सांभाळणाऱ्या म्हातारीपुढं बोटं धरतो आणि विचारतो, किती आहेत ते सांगा.