वाबळे साहेबांचा उतार

वाबळे साहेब व्होल्टमीटर हातात धरत नसत. धरला तर आपण मेकॅनिक दिसू, अशी त्यांना भीती असावी. नगरच्या एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना. जुन्या पेट्रोल गाड्यांतले ठिणगी पाडणारे यांत्रिक पॉइंट काढून त्या जागी बसवायची इलेक्ट्रॉनिक इग्निशनची डबी आम्ही बनवायचो. डिझाइन त्यांचं, तपासणी माझी. चालू गाडीच्या बॉनेटवर कान टेकून, डोळे मिटून ते म्हणत, "देशमाने, आकडे कारकुनाला. इंजिनिअरला कान असतो."

हा कान मी सोळा वर्षं सोसला.

गाडी सुरू करायला चावी फिरवून सेल मारला की बॅटरी साडेबारा व्होल्टवरून खाली येते, गारठ्यात आठापर्यंत. साहेबांची नवी डबी नऊच्या खाली ठिणगीच देत नव्हती. मी तसं लिहून दिलं, सही केली नाही. साहेबांनी कागद न वाचताच घडी घालून खिशात टाकला. "माझ्या गाडीत दोन महिने हीच डबी आहे. एकदा तरी अडली का?" कारखान्याच्या मालकांना पटलं. डब्या गेल्या.

भंडारदऱ्याचा जालिंदर जीपमधून पर्यटक फिरवतो. डिसेंबरात तो दारात येऊन उभा राहिला.

"सायेब, डबी लई झ्याक हाय. पन सकाळी धकलायला चार मानसं लागत्यात. ती बी देता का बरूबर?"

साहेबांनी बॅटरी बदलायला सांगितलं. ती त्याने दोनदा बदलली होती. पहाटेच्या फेऱ्या दुसऱ्या जीपवाल्यांकडे चालल्या होत्या. हंगाम असाच गेला तर जीप विकावी लागेल, असं तो शांतपणे म्हणाला.

मी साहेबांना त्यांचीच गाडी सेल मारून सुरू करायला सांगितली. तेव्हा कळलं, त्यांनी सेल कधी मारलाच नव्हता. घर चढावर, कारखान्यातही गाडी गेटजवळच्या उतारावर. घरंगळत सोडायची आणि गिअर टाकायचा. बॅटरी जास्त टिकते म्हणे. जालिंदरने आणि मी गाडी सपाटीवर ढकलली. चावी फिरली, इंजिन कण्हलं, पेटलं नाही. साहेबांनी चावी पुन्हा एकदा फिरवून पाहिली. मग म्हणाले, "हवा दमट आहे."

नगरला, डिसेंबरात.

तिसऱ्या दिवशी त्यांनी नवं सर्किट दिलं. सहा व्होल्टपर्यंत चालणारं, देखणं काम. मला ते जन्मात जमलं नसतं, हेही लिहायला हवं. पहिली डबी जालिंदरला गेली. माफी मी मागितली. साहेबांना वेळ नव्हता.

गेल्या वर्षी निवृत्तीच्या भाषणात साहेब म्हणाले, "आठ व्होल्टवर तपासल्याशिवाय डबी बाहेर सोडायची नाही, हा नियम मी घालून दिला."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. नियम बरोबर होता.