सुमनकाकूंचा जोडीचा मार

सुमनकाकू समोरच्याला कधी शिव्या देत नसत. त्या शिव्या देत आपल्याच पैलवानाला. टीव्हीसमोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत मॅक्सीवर टॉवेल टाकून बसायच्या, रिमोट पोटाशी धरायच्या आणि पडद्यावर उताणा पडलेल्या निळ्या केसांच्या पोराला म्हणायच्या, "उठ मेल्या. लोळायला ही काय तुज्या बापाची खाट हाय?"

मीरा रोडजवळच्या पेणकरपाड्यात त्यांच्या घराला लागून एक गाळा होता. घरची मिठागरं कधीच गेली होती, पाठोपाठ काकाही गेले, तेव्हा काकूंनी गाळ्यात मारामारीच्या व्हिडिओ गेमचं दुकान टाकलं. मी गिरगावातून नुकतीच मीरा रोडला राहायला आले होते, नोकरीही नवीनच होती. मोबाइलच्या रिचार्जसाठी म्हणून आत शिरले, तर काकूंनी माझ्या हातात रिमोटच दिला. "बस. माजा जोडीदार क्लासला पळाला."

खेळ दोघांविरुद्ध दोघांचा. मार देता-खाता प्रत्येकाची एक पिवळी पट्टी भरत जाते. दोन्ही जोडीदारांच्या पट्ट्या भरल्या आणि दोघांनी एकदम बटण दाबलं, की दोन्ही पैलवान उडी घेऊन समोरच्यांची चटणी करतात. आमच्याकडे त्याला जोडीचा मार म्हणत. एकाने जरा आधी दाबलं, की पट्टी रिकामी आणि मार हवेत. मी नेहमी आधी दाबायचे.

"घाई कसली? माज्याकडं बगू नको, माजा श्वास ऐक," काकू म्हणायच्या. त्यासाठी कान लावावे लागत नसत. दम्यामुळे तो रस्त्यापर्यंत ऐकू यायचा.

शेजारच्या घरात त्यांचे धाकटे दीर, दत्तूभाऊ, राहत. वाटणीवरून दोघांचा कोर्टात कित्येक वर्षं दावा चालू होता आणि बोलणं बंद होतं. गाळा आपला, असं भाऊंचं म्हणणं. काकू म्हणत, "ह्याच हातानं भरवलाय त्याला. आता त्योच हात धरून मना भायेर काढतोय."

एका रविवारी पूनम सागर कॉम्प्लेक्समधली कॉलेजची दोन पोरं आमच्याशी खेळायला आली. स्वतःचे रिमोट घेऊन आली होती, यावरून काय ते समजा. "आंटी, आराम से खेलेंगे, टेन्शन मत लो," त्यातला एक म्हणाला. एक फेरी त्यांनी घेतली, एक आम्ही. तिसरीत काकूंचा पैलवान जेमतेम उभा होता, आमच्या दोन्ही पट्ट्या भरल्या होत्या, आणि दारात दत्तूभाऊ येऊन उभे राहिले. गाळ्याचा निकाल त्याच आठवड्यात त्यांच्या बाजूने लागला होता. बाकी जमिनीच्या वाटणीचं अजून चालूच होतं. नेमका तेव्हाच माझा फोन वाजला. साहेबांचा. तो न घेण्याइतकी माझी नोकरी जुनी झाली नव्हती. मी उठले आणि जवळ जो उभा होता त्याच्या हातात रिमोट कोंबला.

दत्तूभाऊ रिमोटकडे बघतच राहिले. काकू पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "गोल बटण. मी सांगते तवाच."

इतक्या वर्षांत दिराशी त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. भाऊ माझ्या जागी बसले. काकूंनी श्वास आत ओढला, धरला. "दाब."

दोघांनी दाबलं. दोन्ही पैलवान एकदम उडाले आणि पूनम सागर आडवं झालं. दत्तूभाऊ मांडीवर थाप मारून खोखो हसले. मग आपण कशाला आलोय ते त्यांना आठवलं असावं. मिशी सारखी करत म्हणाले, "वहिनी, महिन्याभरात गाळा सोड."

"सोडते. पन बटण झ्याक दाबलंस."

मला वाटलं, आता भाऊ विरघळणार. कसले विरघळतायत. महिन्याने गाळ्यावर बिल्डरच्या ऑफिसचा बोर्ड लागला. फक्त गाळा रिकामा करताना टीव्ही भाऊंनी हमालाला उचलू दिला नाही. तो जडशीळ डबा स्वतः खांद्यावर घेऊन वहिनीच्या ओटीवर नेऊन ठेवला.

पुढे माझं लग्न ठरलं. मीरा रोड सोडण्याआधी काकूंना भेटायला गेले, तर ओटीवर दीर-भावजय शेजारी शेजारी बसलेली, दोघांच्या हातात रिमोट. भाऊंनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मी काकूंच्या कानाशी वाकून विचारलं, "दावा मिटला वाटतं?"

"न्हाय गो. परवा तारीख हाय," त्या म्हणाल्या. "कोर्टात त्यो समोर असतो, हितं बाजूला. सरक जरा, दिसत न्हाय."