बायकोचा दवाखाना बघायला गेलो तेव्हा

माझ्यासाठी गाडी पाठवली आहे असं समजून मी एका अनोळखी आजींच्या शेजारी जाऊन बसलो, पट्टा लावला आणि वर "याची खरं तर काही गरज नव्हती" असंही म्हणालो.

आम्ही तिथे का गेलो होतो ते आधी सांगतो. बायको डॉक्टर. ड्रेस्डेनच्या हॉस्पिटलात वीस वर्षं दुसऱ्यांच्या राउंडमागे चालून कंटाळलेली. पार उत्तरेला, समुद्राच्या थोडं अलीकडे, एका गेमाइंडेतले म्हातारे डॉक्टर निवृत्त होणार होते आणि त्यांचा दवाखाना घ्यायला कुणी मिळत नव्हतं. गेमाइंडे म्हणजे आपली ग्रामपंचायत. फक्त इथे पंचायत करायला माणसंच नाहीत. पाच-सहा वाड्या, आणि मधे नजर पोचेल तिथवर शेतं नि तळी. बायकोला तो दवाखाना हवासा वाटत होता. मला ड्रेस्डेन सोडायचं नव्हतं. पण तसं सरळ न सांगता मी महिनाभर विनोद करत होतो, ती माझी पद्धत. कायझर्सलाउटर्नला शिकणाऱ्या लेकीचं मत विचारलं, तर ती नेहमीप्रमाणे जर्मनमध्ये म्हणाली, "पापा, ते गाव जगाच्या ढुंगणावर आहे." मला तेवढाच आधार.

तर ऑक्टोबरातल्या त्या दुपारी बायको डॉक्टरांबरोबर आत बसली आणि मी चक्कर मारायला बाहेर पडलो. चार मिनिटांत गाव संपलं. चर्च, अग्निशमनाच्या बंबाचं गॅरेज, कायमचं बंद झालेलं दुकान. रस्त्याकडेला एक हिरवा बाक होता, त्यावर टेकलो. शेजारच्या खांबाला आजूबाजूच्या गावांच्या नावांच्या पाट्या बिजागरीने लावलेल्या, दुमडून ठेवलेल्या. मी पडलो इंजिनियर. बिजागरी दिसली की हात आवरत नाही. एक पाटी उलगडून बघितली आणि तशीच ठेवली. दोन मिनिटांत एक जुनी गाडी थांबली. दार उघडून आजी म्हणाल्या, "ना?" म्हणजे आपलं 'काय मग?'

आता आम्ही दवाखाना बघायला आलो होतो, म्हणजे हा बघण्याचाच कार्यक्रम. त्यात पाहुण्यांना कुणी रस्त्यावर बसवून ठेवतं का? डॉक्टरांनीच गाडी पाठवली असणार. मी वरपक्षाच्या थाटात आत बसलो. वाटेत शेतांचं कौतुक केलं, हवेचं केलं, रस्त्याचंही केलं.

"जो," आजी म्हणाल्या. तिकडे 'हो'ला 'जो' म्हणतात आणि बहुतेक संभाषणं तिथेच संपतात.

बराच वेळ एकही घर दिसलं नाही, तेव्हा मी विचारलं, "आपण आधी काय बघणार?"

"ते तुम्हाला माहीत. पाटी तुम्ही लावलीत."

मग उलगडा झाला. तिथे बस जवळजवळ नाहीच. म्हणून ज्याला जायचं असेल त्याने आपल्या गावाची पाटी उलगडून त्या बाकावर बसायचं, आणि तिकडे निघालेल्या कुणीही थांबून त्याला न्यायचं. मिटफारबांक म्हणतात त्याला, सोबत नेणारा बाक.

"मला कुठेच जायचं नव्हतं," मी कबूल केलं.

"मग बसलात कशाला?"

"नाही कसं म्हणायचं?"

"नाइन," आजी म्हणाल्या. "असं म्हणायचं."

परत सोडते म्हणाल्या, पण वाटेत जरा थांबावं लागेल. मग आपणहून बोलल्या. दवाखाना बघायला आज कुणीतरी बाई आली आहे, ड्रेस्डेनहून. ही चौथी. आधीच्या तिघांपैकी एकाने खिडकीतून बाहेर पाहिलं आणि 'इथे तर काहीच नाही' म्हणून तो गेला.

"आणि हिनेही नाही म्हटलं तर?"

"माझ्या आजारी नवऱ्याला पाव तासाहून जास्त गाडीत बसवत नाही. पुढचा डॉक्टर पाऊण तासावर. मग हेर्त्सोगेनआउराखला मुलाकडे जाऊन राहायचं, तिसऱ्या मजल्यावर." गिअर बदलत म्हणाल्या, "त्याला नाही करमणार."

"ती बाई माझी बायको," मी म्हणालो.

"आख सो." म्हणजे 'अस्सं होय.'

आता त्या गळ घालतील म्हणून मी सावरून बसलो, उत्तरं जुळवायला लागलो. त्यांनी गाडी शेताच्या कच्च्या वाटेवर घेतली, इंजिन बंद केलं, काचा खाली केल्या.

समोर कापलेल्या मक्याचं शेत, पलीकडे उथळ तळं, उरलेलं सगळं आभाळ. शेतभर राखाडी दगड पडले होते. मग दगडांनी माना वर केल्या.

क्रौंच. तोवर माझ्यासाठी हा शब्द कोड्यातला, आडवा, दोन अक्षरी. प्रत्यक्षात तो माझ्या छातीपर्यंत येईल एवढा पक्षी निघाला, आणि असे हजारो. उन्हं कलली तशी शेताच्या एका टोकाकडून हाक उठली, शंभर गंजकी फाटकं एकदम उघडावीत तशी, आणि तिथली रांग जमिनीवरून सुटली. मग शेजारची. मग त्यापलीकडची. घाई कुणालाच नव्हती. आमच्या डोक्यावरून ते तळ्याकडे जायला लागले तेव्हा गाडीत पंखांचा आवाज ऐकू येत होता, जड रेशीम झटकल्यासारखा. संपतील असं वाटायचं आणि क्षितिजातून नवी ओळ निघायची.

"ती बारीक शिट्टी ऐकलीत?" आजी हळूच म्हणाल्या. "यंदाची पिल्लं. आईबापांच्या मधे उडतात."

ऐकली. त्या गदारोळात एक कोवळी शीळ, आणि लगेच तिला वरून जाड आवाजात उत्तर. पुन्हा शीळ, पुन्हा उत्तर. माझी हयात केसाहून बारीक रेघा कोरण्यात गेली. मी ज्या चिपवर काम करतो ती नखावर मावते. एवढं मोठं काही रोज संध्याकाळी, कुणी बघो न बघो, इथे होत असतं, याची मला कल्पनाच नव्हती. एकही विनोद सुचला नाही. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही.

शेवटची ओळ तळ्यावर उतरल्यावर आजींनी गाडी सुरू केली. दवाखान्यापाशी उतरवताना त्या एवढंच म्हणाल्या, "आता झोपतील."

बायको पायऱ्यांवर उभी होती. "अरे, होतास कुठे? फोन लागत नाही, काही नाही. डॉक्टर बिचारे तुला शोधायला सायकल काढत होते."

परतीच्या वाटेवर ती गाडी चालवत होती आणि मी बोलत होतो. आजी, त्यांचे यजमान, तिसरा मजला, पक्षी, शीळ. दवाखाना घ्यायलाच हवा. मी आठवड्यातले तीन दिवस घरून काम करीन, बाकीचे दिवस ये-जा करीन, लेकीला मी समजावतो, जागेचं मी बघतो. ती रस्त्यावरची नजर न काढता ऐकत राहिली. अर्ध्या तासाने मी दम घ्यायला थांबलो.

"मी त्यांना हो म्हणून आलेय," बायको म्हणाली. "तुला कसं सांगायचं ते ड्रेस्डेन येईपर्यंत ठरवणार होते. तू बोल, चांगलं चाललंय."