तळ्यापलीकडचे डोंगर

दिवाळी झाली आणि आम्ही दोघं लेकीकडं जर्मनीला गेलो. माझी सगळी नोकरी पैठण डेपोत, एसटीचा कंडक्टर म्हणून झाली. रिटायर होईपर्यंत विमान वरून जातानाच पाहिलेलं. लेक म्युनिकमध्ये कामाला होती, पण शहरात घर मिळेना, म्हणून बाहेर एका तळ्याकाठच्या गावात, एका म्हातारबाईंच्या घराच्या माळ्यावर दोन खोल्या घेऊन राहायची.

गाव अप-डाऊन करणाऱ्यांचं आहे, हे मला पहिल्याच सकाळी कळलं. असली माणसं मी जन्मभर पाहिली होती. पैठणहून औरंगाबादला जाणारे शिक्षक, कारकून, कंपनीतली पोरं माझ्या पहाटेच्या गाडीला असायची. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची, बिडकीन यायच्या आत घोरायला लागायची. इथलं स्टेशन थेट तळ्याच्या काठावर. फलाटाच्या एका बाजूला रूळ, दुसऱ्या बाजूला पाणी. अंधारातच माणसं जमायची. हातभर अंतर राखून उभी राहायची, कुणी कुणाशी बोलायचं नाही. लाल गाडी यायची आणि सगळ्यांना घेऊन जायची. त्या गाडीला कंडक्टर नव्हता. तिकीट ज्याचं त्यानं काढायचं, कधीमधी साध्या कपड्यातला माणूस येऊन तपासतो, असं लेक म्हणाली. मला ते बरेच दिवस पटलं नाही.

गाडी गेली की गाव ओस. काठाच्या मोठ्या घरांना झाडांची कुंपणं, माणसाच्या डोक्याहून उंच. आत कोण राहतं ते दिसायचं नाही. होड्या ताडपत्रीत गुंडाळून ठेवलेल्या. रस्त्यावर म्हातारी माणसं, दोन्ही हातात काठ्या घेऊन झपाझपा चालणारी. मी रोज तळ्यावर जाऊन बसायचो आणि समोर नुसतं धुकं असायचं. बदकं काठापासून जरा आत गेली की नाहीशी व्हायची. आपल्या पैठण धरणाच्या नाथसागरासारखंच हेही अफाट असणार, पलीकडचा काठ दिसतच नसणार, असं मी धरून चाललो.

बायकोचं बरं चाललं होतं. ती खाली म्हातारबाईंजवळ जाऊन बसायची. ती मराठीत बोलायची, त्या जर्मनमध्ये, आणि दोघींचं विणकाम चालायचं. मला मात्र करमेना. एक दिवस लेकीला सांगून टाकलं, की परतीची तारीख अलीकडं घेता आली तर बघ. तिला वाईट वाटलं, ते दिसलं मला.

त्यानंतर तिनं एक दिवस रजा काढली आणि अंधारातच आईला शहर दाखवायला घेऊन गेली. मी घरीच राहिलो. उजाडताना खिडक्या वाजायला लागल्या. वारा सुटला होता, आणि ऐन थंडीत तो वारा ऊन होता. खाली आलो तर म्हातारबाई कपाळाला ओला फडका बांधून बसलेल्या. त्यांनी वाऱ्याकडं बोट केलं, मग डोक्याकडं, मग तळ्याच्या दिशेनं हात करून मला जा म्हणून खुणावलं.

वळणावर मी जागीच थांबलो. धुकं पार गेलं होतं. तळ्याला पलीकडचा काठ होता, त्यावर घरं होती, चर्चचा मनोरा होता. आणि त्याच्या मागं, आभाळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, बर्फाचे डोंगर उभे होते. इतके जवळ, की त्यांच्या घळी मोजाव्यात. मी डोंगर म्हणून दौलताबादचा किल्ला चढलेला माणूस. एवढे दिवस मी यांच्याकडंच तोंड करून बसत होतो आणि मला पत्ता नव्हता. फलाटावर पाहिलं तर सगळी माणसं रुळांकडं पाठ करून उभी होती. गाडी आली, दारं उघडली, मिटली. टाय लावलेला एक गृहस्थ तसाच बघत राहिला आणि गाडी त्याला सोडून गेली.

मायलेकी परतल्या तेव्हा अंधार पडला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा धुकं.

बायकोला खरं वाटेना. "पाण्यापल्याड डोंगर? मग इतके दिवस कुणी झाकून ठेवले होते का?"

मी लेकीकडं पाहिलं. ती खाली मान घालून म्हणाली, "आहेत बाबा. नवीन आले तेव्हा पाहिले होते. पण मी अंधारात जाते, अंधारात येते. सुट्टीला झोपते. विसरूनच गेले होते मी."

तारखेचं मी पुन्हा काढलं नाही. रोज उजाडताना खिडकीशी उभा राहायचो. बायको हसायची. हिला एकदा दिसू दे, एवढंच मनात होतं.

आमचं जाणं जवळ आलं तोवर दिवस मोठा झाला होता. एका सकाळी म्हातारबाईंनी जिना चढून दार वाजवलं. कपाळाला फडका होता, म्हणजे तो ऊन वारा सुटला होता, धुकं गेलं असणार. मी बायकोच्या हातात कोट दिला. लेक कामावर निघालीच होती. तिघं बरोबरच तळ्यावर आलो. शेंड्यांवर नुकतं ऊन पडत होतं, खालचे डोंगर अजून निळे होते.

बायको वाकली, बूट काढले, मोजे काढले आणि दगडी काठावर अनवाणी उभी राहिली.

"आई, गारठशील," लेक म्हणाली.

"गारठू दे. एवढं थोर समोर असताना पायात घालून कसं उभं राहायचं?"

लेकीनं तिच्याकडं पाहिलं, मग डोंगरांकडं. तिची गाडी आली आणि गेली. तिनं ऑफिसला फोन करून आज येत नाही म्हणून कळवलं, आणि आईचे बूट हातात घेऊन तिच्या शेजारी उभी राहिली.