बांधाच्या आत

मेहकरच्या स्टँडवर मला पोचवायला बाबा आले, तेव्हा त्यांच्या हातात केळीच्या पानात बांधलेलं विड्याच्या पानांचं पुडकं होतं. नवऱ्याला नाशिककडे एका द्राक्षबागेत काम मिळालं होतं. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालेलं, ज्याला त्याला काहीतरी नवं करावंसं वाटत होतं. मला मात्र नुसतं रडू येत होतं. बाबा एवढंच म्हणाले, "पानायवर पानी शिंपडत जाजो. सुकू देऊ नोको." खामगाव, मग जलंब, मग मोठी गाडी. मी शिंपडत राहिले.

बहिणींनो, आपला पानमळा आपण पाहिला तो बांधावरूनच. पणजोबांपासून घरातले पुरुष चपला बांधावर काढून आत जायचे, आणि आपण भाकरी घेऊन बाहेर उभ्या. "आत नोको येऊ वं बाई, वेल कोमेजते," बाबा म्हणायचे, तेही लाडानं. त्यामुळे धड रागावताही यायचं नाही.

इथे मला कुणी अडवलंच नाही. सवयीने मी चपला बांधावर काढून बागेत शिरले, तर बायका हसल्या आणि सराटे टोचले ते वेगळेच. मालकाने छाटणीची कात्री दिली, पण ती माझ्याने चालवेना. आपल्याकडे जुना वेल खाली उतरवतात, गुंडाळून मातीत पुरतात, शेंडा तेवढा वर ठेवतात. बांधावरून दरवर्षी पाहिलेलं तेवढंच मला येत होतं. मी कडेच्या वेलाची एक लांब काडी खाली ओढली आणि तस्संच केलं. मालक खवळला, "बाई, हा तुमचा पानमळा नाही!" मी ओशाळले. काडी उकरायची राहून गेली, की मी राहू दिली, हे आता मलाही सांगता येणार नाही.

पावसाळ्यात मालकाने तिथली माती उकरली. काडीला पांढरी मुळं फुटली होती.  ते रोप कापून त्याने मलाच देऊन टाकलं. पुढे त्याने ओढ्याकाठचा पडीक तुकडा आम्हाला वाट्याने कसायला दिला, त्यात पहिला वेल तोच. बाकीची बाग त्याच्याच काड्यांची. माझी थोरली लेक आता वेल बांधते. तिला आपलं वऱ्हाडी 'मले, तुले' येत नाही, पण कुठली काडी ठेवायची ते अचूक कळतं.

हे बाबांना कळवायची मला फार भीती वाटायची. चार पिढ्यांचा नेम मी मोडला, आणि आता नातही मोडत होती. शेवटी एकदा सगळं खरं लिहून टाकलं. उत्तर आलं नाही. माघात बाबाच आले.

आम्ही दोघी आत होतो. ते बांधावर उभे राहिले, लगडलेल्या वेलांकडे पाहत, नातीच्या हातांकडे पाहत. आता काय ऐकावं लागतं, असं मला झालं. बाबा वाकले. पायातल्या चपला काढून आमच्या चपलांशेजारी ठेवल्या. पण पाऊल टाकलं नाही.

"येऊ काय वं आत?" त्यांनी मला विचारलं.

मी वाटेतून बाजूला झाले. मग म्हटलं, "या ना बाबा. सराट्यायले जपा."

तुझं घर कुठलं, असं आता कुणी विचारलं, की मला तो बांध दिसतो, आणि त्यावर आमच्या तिघांच्या चपला.